रफूवाल्या मामाचे डोळे

माझा मामा रफू करायचा. कुणाच्या कोटाला कसर लागली, कुणाची पँट खिळ्यात अडकून फाटली, की लोक ती त्याच्या टेबलावर आणून टाकत. मामा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उपसायचा आणि उभ्याआडव्या विणीनं भोक असं बुजवायचा, की गिऱ्हाईक कापड उजेडात धरून विचारायचं, "अहो, पण फाटलं कुठं होतं?" एवढं ऐकलं की त्याचं पोट भरायचं. मामीचं भरत नसे, ही गोष्ट वेगळी.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक खिडकी, एक टेबल, आणि बाकी सगळी जुनी लोकर. लोक वर्षानुवर्षं पेटीत कोंबलेले कोट आणत. घडी उलगडली की धूळ आणि केस असे उडत की मला दारातच शिंक यायची. मामाला शिंका येत नसत. त्याला खाज सुटायची. आधी डोळ्यांच्या कोपऱ्यात, मग पापण्यांच्या आत, मग सगळीकडे. हातातली सुई टोचून ठेवून तो दोन्ही मुठींनी डोळे चोळायचा, चोळून चोळून लाल करायचा आणि पाणी पुसत पुन्हा कामाला बसायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, बिचारा रडतोय.

मामी त्याला ओढत डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती. त्यांनी सांगितलं, ही ॲलर्जी आहे. चोळू नका. गार पाण्याची घडी ठेवा. कोट बाहेर उन्हात झटकून मग आत आणा. हे थेंब रोज घाला, हळूहळू गुण येईल. आणि जमलं तर लोकरीचं काम सोडा.

"लोकर सोडू आणि खाऊ काय? गार पाण्याच्या घड्या?" मामा घरी येऊन म्हणाला.

थेंब त्यानं आठवडाभर घातले. हळूहळू हा शब्द त्याच्या स्वभावात बसणारा नव्हता, म्हणजे रफू सोडून. मग कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं त्याला दुसरी बाटली दिली. "हे टाका मामा, दोन मिनिटांत थंड." आणि खरंच झालं. मामा डोळे मिटून खुर्चीत टेकला, आणि त्याचा चेहरा असा सैल पडला की मामीनं जवळ जाऊन श्वास चालू आहे ना, ते बघितलं.

तेव्हापासून ती बाटली त्याच्या वरच्या खिशात राहायला आली. संपली की दुसरी. कागद नाही, तपासणी नाही. औषधवाला मामाला लांबून बघूनच हात फळीकडे न्यायचा. अशी कित्येक वर्षं गेली. मामी म्हणायची, "एकदा दाखवून तरी घ्या." मामाचं उत्तर ठरलेलं होतं. रोज सकाळी तो खिडकीशी उभा राहून सर्वात बारीक सुईत दोरा ओवायचा, पहिल्याच खेपेला, आणि ती मामीच्या नाकासमोर नाचवायचा. "हे बघ. डोळे ठणठणीत."

यात त्याचं काय चुकलं, हे आज मला कळतं. रफूवाल्याला जग नखाएवढंच लागतं. तेवढं नखाएवढं त्याला लख्ख दिसत होतं. त्याच्या बाजूला काय चाललंय, हे त्याच्या धंद्यानं त्याला कधी विचारलंच नाही.

घरात मात्र तो आदळायला लागला होता. दाराच्या चौकटीला खांदा, मोरीच्या कट्ट्याला गुडघा. शेजारी ठेवलेला चहाचा कप तर हमखास लवंडायचा. आम्ही त्याचं नाव ठेवलं धडकमामा. तोही हसायचा. "वय झालं, आता वळण घ्यायला जागा जास्त लागते," म्हणायचा.

मग तो राखाडी कोट आला. मामानं पाठीवरचं भोक भरलं, टोकाचे धागे कात्रीनं कापले आणि गिऱ्हाइकाच्या हातात कोट असा दिला, जसं काही स्वतःच विणला होता. गिऱ्हाईक कोट उजेडात धरून म्हणालं, "आणि हे काय?" बाही कोपरापासून वीतभर कापली गेली होती. टेबलावर बाही बाजूला पडली होती, कात्री तिच्यातून गेली होती आणि मामाला पत्ता नव्हता. तो हमरीतुमरीवर आला, हे आधीचंच आहे म्हणाला. मामीनं ताजा काप बघितला आणि मला फोन केला.

दवाखान्यात त्याला एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, बाजूला दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे बसले होते. यंत्र टिकटिक करत होतं. मामा बटणावर अंगठा ठेवून शहाण्या मुलासारखा ताठ बसला होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बाई, दिवे लावा ना आता. मी तयार आहे."

यंत्र चालवणाऱ्या मुलीनं वळून माझ्याकडे बघितलं. अर्धी तपासणी झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डोळ्यात काही घालता का? मामानं खिशातून बाटली काढून अभिमानानं पुढे केली. "हे. एकदम गुणकारी. तुम्हीसुद्धा हेच लिहून देत जा."

त्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि ती टेबलावर ठेवली. त्यात स्टिरॉइड होतं. त्यानं डोळ्यातला दाब वाढत गेला, नस सुकत गेली, काचबिंदू झाला. गेलेलं परत येणार नव्हतं.

"मग मला सुई कशी ओवता येते?" मामानं विचारलं.

"मधलं सगळ्यात शेवटी जातं," त्या म्हणाल्या. "आता तेच वाचवायचंय. ही बाटली पुन्हा नाही."

दुकानाला कुलूप लागलं. बाटली बंद झाली आणि खाज परत आली, साठवून ठेवल्यासारखी. दाब उतरवायचे नवे थेंब झोंबायचे, त्यानं ती आणखी भडकायची. खाजेचे म्हणून दिलेले साधे थेंब त्याला पुरेनात. पापण्या टम्म सुजल्या. मामी गार घड्या बदलून बदलून थकली, मग नुसती त्याची मनगटं धरून बसायला लागली. औषधवाल्याचा मला इतका संताप यायचा, की त्याच्या दुकानावरून जायचंच मी सोडलं होतं.

एक दिवस नाइलाजानं तिथून गेले, आणि फळीपुढे मामा उभा. भिंत चाचपत, रस्ता ओलांडून, एकटा आलेला. औषधवाल्यानं न विचारता बाटली पुढे केली होती. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मामानं बाटलीवर आवळलेली मूठ सोडली नाही.

"मामा, अरे, उरलंय तेवढंही जाईल."

"जाऊ दे बाळ," तो म्हणाला. "अंधार सोसेन मी. ही खाज नाही सोसवत."

मी त्याला घरी आणलं. मामीनं त्याची बोटं एकेक करून उघडली आणि बाटली काढून घेतली. मामा खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि सुजलेल्या पापण्या स्वतःच्या बोटांनी फाकवून धरल्या. "एकच थेंब," तो म्हणाला. मामी बाटली घेऊन त्याच्या शेजारी उभी होती. तो तिला शोधत छताकडे बघत होता.