कडवी कुणी ऐकली नाहीत

ऐंशीच्या दशकात मी पालघरच्या एका साप्ताहिकाला बोईसरच्या बातम्या पाठवत असे. खंडेनवमीला एका कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पूजेनंतर तिथलाच एक ऑपरेटर, पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवरचा, गिटार घेऊन उभा राहिला. अंगात तेलकट निळा गणवेश होता. बाहेरच्या कार्यक्रमांतही तो त्याच वेषात गायचा. त्याच्या भावाची बोटं तिथल्याच प्रेसखाली गेली होती. ती हकिगत कडव्यांत होती आणि ध्रुवपदात कंपनीचा उपरोधिक जयजयकार. कामगार ध्रुवपदावर नाचले. मालकांनी ते पुन्हा गायला लावलं. ढोलाच्या गजरात मीही तेवढंच ऐकलं आणि ‘कंपनीचं गौरवगीत’ असा मथळा दिला.

अंक घेऊन तो ऑपरेटर त्याच्या गावाहून, चिंचणीहून, माझ्या घरी आला.

“ती पोरं नाचली तर नाचू दे. पण तुमी वही घेऊन बसलेले ना, भाऊ?”

दुरुस्ती छापू, असं मी म्हणालो.

“घरात भाऊ बोलत नाय माझ्याशी. म्हणतो, माझ्या बोटांवर तू मालकाची आरती केलीस.”

संपादकांनी दुरुस्ती छापली नाही. पुढच्या खंडेनवमीला कामगारांनी ते ध्रुवपद त्याच्याशिवायच गायलं. ज्या प्रेसखाली भावाची बोटं गेली, त्या प्रेसला नवी माळ होती. संरक्षक जाळी अजूनही बसवलेली नव्हती.