राजवाड्यावरून परत न आलेली मुलगी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता विसरलो. सिंदखेडराजाचं हे एक मात्र काही केल्या मनातून जात नाही. महाराष्ट्र राज्य होऊन फार काळ लोटला नव्हता. मी नवा फौजदार. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कायदा पाठ होता, पण माणसांना प्रश्न कसा विचारावा हे चाचपडतच शिकत होतो.

हिवाळ्यातल्या एका दुपारी सुलतानपूरकडच्या खेड्यातल्या एक शिक्षिका घाबऱ्याघुबऱ्या ठाण्यात आल्या. सातवीच्या मुलींना त्या जिजाऊंचा जन्म झालेला राजवाडा दाखवायला घेऊन आल्या होत्या. परत निघताना एक मुलगी कमी भरली. आम्ही तळघरं धुंडाळली, विहिरींत डोकावलो. मुलगी नाही. एसटीच्या ड्रायव्हरकडे गावी निरोप धाडला.

सायंकाळच्या आत आई-वडील आले. वडील येताच बाईंवर धावले.

"साहेब, हे हिचंच काम हाये! वाडा दाखवते म्हने! पोरीचे कान भरले न पळवली. लिहा फिर्याद!"

"मी कशाला पळवीन हो? माझ्या लेकीसारखी ती," बाई रडू लागल्या.

जमादार माझ्या कानाशी म्हणाले, "फिर्याद हाये, नाव हाये. करा अटक, साहेब."

मी घुटमळलो. बाईंना अटक झाली असती, तर त्या गावातून एकही मुलगी पुन्हा शाळेत आली नसती. हे मला माझ्याच गावावरून कळत होतं.

तेवढ्यात बाजारातले एक वयस्क मुसलमान बांगडीवाले आपणहून ठाण्यात आले.

"साहेब, दुपारी एक पोरगी आलती. हात पुढं केला न म्हने, चाचा, ह्या उतरवून द्या. नवा कोरा हिरवा चुडा! मी म्हनलो, बेटा, नवरीचा चुडा असा उतरवत नसते. तुही माय कुठं हाये? तं निघूनच गेली."

फिर्यादीत चुड्याचा शब्दही नव्हता. मी वडिलांना आतल्या खोलीत घेतलं.

"मुलीच्या हातात काय होतं?"

"काय असन? बांगड्या."

"कोणत्या रंगाच्या?"

दाराशी उभी असलेली आईच बोलली, "आता काऊन गप्प राह्यले? सांगा ना! परवा लगन हाये पोरीचं, साहेब. मीच म्हनलं, जाऊ द्या एक दिवस. लगन झाल्यावर कुठचा वाडा न कुठचं काय!"

त्या वेळच्या कायद्याने लग्नाला मुलीचं वय पंधरा तरी लागे. ही तेराची. म्हणून वडिलांनी लग्नाची गोष्ट दाबली होती. मुलीला कोणी पळवलं नव्हतं. ती दडली होती. पण परक्या गावात कुठे?

"हिरवा चुडा पाहून कोन बाई नवरीले उपाशी धाडन?" आई म्हणाली. "केळवणाचा घास घातल्याबिगर सोडत नसतात."

मी जमादारांच्या पत्नीला पाणवठ्यावर पाठवलं. एकच विचारायचं: आज कोणाकडे परगावची नवरी जेवली? थोड्याच वेळात उत्तर आलं. एका माळ्याच्या घरी मुलगी शेवयांची खीर खात बसली होती.

"माय कुठं विचारलं तं रडाले लागली," घरची म्हातारी म्हणाली. "मंग म्या विचारनंच सोडलं."

ठाण्यात बाईंना रडताना पाहताच मुलगी म्हणाली, "बाईले सोडा. त्यायले काही माहीत नाही. मले परीक्षा देऊ द्या, मंग करा लगन."

वडील जमादारांकडे वळले. "सोयऱ्यायले काय तोंड दाखवू?"

"फौजदारानं थांबवलं म्हना," जमादार म्हणाले. "आमाले तशाही शिव्या बसतातच."

वडील एवढ्या वेळात पहिल्यांदा हसले. दुसऱ्या दिवशी मी मुलाकडच्यांना बोलावून कायदा समजावला. मुलाचे वडीलही मुलगी पंधराची होईपर्यंत थांबायला कबूल झाले.

परीक्षा झाल्यावर ते वडील ठाण्यात आले. मुलगी मागे उभी.

"पास झाली, साहेब. आज मले वाडा दाखवाले घेऊन आली. इतक्या खेपा बाजाराले आलो, पन आत कधी गेलो नव्हतो."

"चला ना, बाबा," ती म्हणाली, आणि ते तिच्यामागून चालू लागले.

खोटं बोलणारा प्रत्येक माणूस गुन्हेगार नसतो. पुष्कळदा तो चार लोकांना भ्यालेला असतो. त्याची ती भीती थोडी आपल्या अंगावर घेतली, तर तोच बाप लेकीच्या मागून चालायला तयार होतो. मला वाटतं, पोलीस असणं म्हणजे काय, हे मी त्या दिवशी शिकू लागलो.