दोन डाव्या बाह्या

कपडे शिवायच्या त्या दुकानात कापायचं काम मास्तर चाळीस वर्षं करत होते. त्यांची एक खोड होती. शिलाई उसवो, काज चुको, गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "माझ्या हातून झालं." खरा चुकणारा तोवर मान खाली घालून मशीन चालवत असायचा.

त्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई कोट घालून बघायला आल्या. उजवी बाही पाठीकडेच वळत होती. मास्तरांनी ती हातात घेऊन चाचपली आणि चूक त्यांच्या ध्यानात आली. लोकरी कापडाला सुलटी बाजू एकच. ते एकपदरी पसरून कापताना दुसऱ्या बाहीसाठी कागदी नमुना उलटवायचा राहिला होता. दोन्ही बाह्या डाव्या.

"माझ्या हातून झालं," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या. "माझ्या लग्नातल्या ब्लाउजपासून हेच ऐकतेय. या खेपेला कुणाला पाठीशी घालताय?"

दुकान चालवणाऱ्या वहिनींनी बाह्या जोडणाऱ्या बाईकडे रोखून पाहिलं. ती दोनच महिन्यांपूर्वी लागलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं बिघडवलेली कॉलर मास्तरांनी स्वतःवर घेतली होती.

ती उठून उभी राहिली. "मीच उलटी जोडली, वहिनी."

मास्तर गप्प राहिले असते तर निभावलं असतं. डोळ्यांपुढचं धुकं त्यांनी चार महिने घरीदारी लपवलं होतं. ते कळलं की हातातली कात्री जाणार, हे ते धरूनच चालले होते. पण त्या बाईच्या पोटावर पाय? त्यांनी बाही उसवली, दुसरीवर ठेवली. दोन्ही तंतोतंत एकाच बाजूला वळलेल्या.

"तिनं नीट जोडलीय. कापली मी. मला खडूची रेघ दिसत नाही."

वहिनी मटकन स्टुलावर बसल्या. "चार महिने हा माणूस उदास का, म्हणून माझा जीव टांगणीला. मला वाटलं, दुकान सोडताय."

"आता डोळ्यांचं बघा. कोटाला थंडीपर्यंत अवकाश आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

उरलेल्या कापडात एक बाही नेमकी बसली. बाह्या जोडणाऱ्या बाईनं नमुना उलटवला, जाड खडूनं ठळक रेघ मारली आणि कात्री मास्तरांपुढे सरकवली.

"दिसतेय का?"

"आंधळ्यालाही दिसेल," मास्तर म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी त्यांची कात्री न अडखळता चालली.