झेंडूवरची पट्टेवाली माशी

त्या वर्षी दसऱ्यापासून आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे होणार होते, आणि कागदांचे ढीग लावायचं काम आम्हा रेकॉर्डरूमवाल्यांच्या बोडक्यावर आलं होतं. निजामाच्या काळापासूनचे बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. एकेक सोडायचा, मंडल, म्हणजे इथला तालुका, पाहायचा, नव्या कापडात बांधायचा. तलमडुगु, बाजारहत्नूर पांढऱ्या कापडात, म्हणजे इथंच. नव्या, लांबच्या मंचेरियाल जिल्ह्याचं कापड पिवळं. दोन महिने धुळीत शिंकून शिंकून जीव नकोसा झाला होता. डोळे मिटले तरी कापडंच दिसायची.

माणसांचेही ढीग लागणार होते. कोण कुठं, ते दसऱ्याच्या तोंडावर ऑर्डर निघाल्यावरच कळणार. मला धाकधूक एकच होती, माझं नाव पिवळ्यात आलं तर आईचं काय? वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आई अठ्ठ्याहत्तरची, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, जिभेला मात्र धार. याच गावात बसून तिनं हैदराबाद, आंध्र आणि तेलंगणा अशी तीन राज्यं पाहिली होती. मी विचारायची, "बदली झाली तर येशील का गं माझ्यासंगं?" की ती फणकारायची, "मी काऊन येऊ? तू जाय. माह्या डोक्याची कटकट तरी जाईल!"

मग शेजारच्या मावशीला मी सांगूनही ठेवलं, सकाळ-संध्याकाळ आईकडं डोकावत जा. उंदरांनी कुरतडलेलं एक पिवळं कापड फडक्याला म्हणून घरी आणलं, तेव्हा आईनं कोणता रंग कुठला ते सगळं विचारून घेतलं होतं. मी दमलेली होते, उत्तरं दिली आणि विसरले.

ऑर्डरच्या आधीच्या रविवारी परसात तोरणासाठी झेंडू पाहायला गेले. आई वाफ्याशी पाटावर बसलेली. आणि तिच्या तोंडासमोर ही एवढी मोठी गांधीलमाशी! पिवळे-काळे पट्टे, मोठ्ठी भुणभुण. आदल्या वर्षी एक ओठाला चावली होती, तर मी तोंडाला पदर लावून आठवडाभर ऑफिसला गेले होते. मी किंचाळले आणि झाडू घेऊन धावले.

"ठेव तो झाडू!" आई खेकसली. "डोळे हायेत का बटनं? गांधीलमाशी अशी एका जागी हवेत उभी राह्यते का? नीट पाह्य. दोनच पंख. हे साधी माशी होय. नांगी नाही हिले, भुणभुण तेवढी करते."

तिनं बोट पुढं केलं. माशी खरंच त्यावर येऊन बसली आणि घाम चाटू लागली. भले मोठे तपकिरी डोळे, डोक्यावर इवल्याशा मिशा. मी पट्टे पाहिले तेवढेच. दिवसभर कापड पाहून बस्ता ओळखणारी मी, दुसरं काय करणार!

"रोज येते," आई म्हणाली. "तुले कुठं फुरसत हाय."

त्या आठवड्यात ऑर्डर निघाली. मंचेरियाल. घरी येऊन मी सांगितलं, तर आई म्हणाली, "बरं." एवढंच. मला फार राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. दसऱ्यालाच हजर व्हायचं होतं. मी एकटीची बॅग भरली.

दसऱ्याच्या सकाळी तोरण बांधून ओट्यावर आले, तर माझ्या बॅगेशेजारी एक बोचकं. पिवळ्या कापडात. सोडून पाहिलं. दोन लुगडी, डोळ्यात घालायचं औषध, वडिलांचा फोटो, पुडीत झेंडूचं बी. लुगड्यांना डांबरगोळ्यांचा वास लागलेला.

"हे कधी बांधलं?"

"तुनं कापड आणलं त्याच दिवशी. तुहं नाव पांढऱ्यात निघालं असतं तर सोडलं असतं. गाठच तर हाय."

"मग येत नाही, येत नाही, काऊन म्हणत होतीस?"

आई माझ्याकडं न पाहता गाठ पुन्हा मारू लागली. "तू इचारत होती ना, येशील का, येशील का. पाहुण्याले इचारल्यावानी. एकदा तरी म्हनली का, चाल म्हणून?"

मी मटकन ओट्यावर बसले आणि हमसून हमसून रडले. दोन महिन्यांचं सगळं एकदम आलं.

"उठ," ती खेकसली, "बस चुकंन. रडून काय होते?"

मी डोळे पुसले, बोचकं काखेत मारलं आणि म्हणाले, "चाल, आई."