ब्रसेल्स ते झुरिक, सव्वा तास

शुक्रवार, सात नोव्हेंबर. इस्माईलचाचांच्या दफनाला हजर: मी, आमच्या तिकीट ऑफिसातले तिघे, चाचांच्या इमारतीचा वॉचमन, मशिदीतले काही अनोळखी लोक. गैरहजर: त्यांचा झुरिकचा मुलगा, ब्रसेल्सची मुलगी. इतक्या घाईत त्यांना पोहोचणं शक्यच नव्हतं.

इस्माईलचाचा रत्नागिरीचे. दुबईत अल मनखूलच्या ऑफिसात बावीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. युरोपातल्या कुठल्याही दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ त्यांना तोंडपाठ. लिस्बन ते व्हिएन्ना? "तेवीसशे किलोमीटर, साडेतीन तास." स्क्रीनकडे बघायचेही नाहीत. स्वतः मात्र दुबई–मुंबईपलीकडे कधी उडाले नाहीत.

गिऱ्हाइकाला ते कागदावर दोन आकडे लिहून देत, एक विमानाच्या वेळेचा आणि एक घर ते घर लागणाऱ्या वेळेचा. रास अल खैमाहून आलेला एक फोरमन वैतागला, "चाचा, मी फक्त प्लेनचं विचारलं!"

"हबीबी, प्लेनमध्ये राहायला चाललास काय? माणसाकडं चाललास ना? मग पुरता वेळ धर."

चाची गेल्या तेव्हापासून भावा-बहिणीचं बोलणं बंद. आईच्या शेवटच्या दुखण्यात कोण आलं नाही, यावरून. चाचा दर सोमवारी मुलीच्या नावाने ब्रसेल्स–झुरिक एक सीट होल्डवर टाकत. पैसे न भरता धरलेली सीट मुदत संपली की सुटते. ती सुटायची, हे पुढच्या सोमवारी पुन्हा धरायचे. विमान कंपन्यांना हे चालत नाही. शेवटी मी यादीच काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"चाचा, सतरा होल्ड. आता खलास."

"पाचशे किलोमीटरसुद्धा नाही, जोशी. सव्वा तास. रत्नागिरीहून मुंबई गाठायला अख्खा दिवस जातो."

"ती जाते म्हणाली का?"

"इन्शाल्ला म्हणाली." ते चष्मा पुसत राहिले. "नाहीच म्हणायचं होतं तिला. पण सीट असलेली बरी."

मी ऐकलं नाही. नियम बरोबर होता. त्यानंतर सोमवारी सकाळी ते नुसतेच बसून असत.

ऑक्टोबरात दवाखान्यात त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. आत घरातले जुने फोटो, मागे चाचींच्या अक्षरात नावं. "दोघं एकत्र असतील तेव्हाच द्यायचा. एकेकट्याला नाही. लिही तुझ्या यादीत." कामांची यादी माझ्या खिशात कायम असते; मी त्यांच्यासमोर लिहिलं.

दफनानंतर दोघांना फोन केले. मुलगा म्हणाला, "अंकल, जस्ट स्कॅन अँड सेंड." मुलगी म्हणाली, "कुरियर करा ना. मी कॉपी पाठवीन त्याला." मी चाचांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मुलगा "ओके, अंकल" म्हणाला आणि फोन ठेवला. मुलगी म्हणाली, "मी झुरिकला गेले तर चालेल का भाईला? तुम्ही विचाराल?"

चाचांचा व्हिसा रद्द झाला, खोली रिकामी झाली, चाव्या मालकाला दिल्या. यादीत या सगळ्यांपुढे खुणा केल्या. मुलाला विचारायचं तेवढं राहिलंय. तो नाही म्हणाला, तर डबा कुणालाच देता येणार नाही. चार दिवस झाले, रोज नंबर काढतो. अजून लावलेला नाही.