इंजिनावर घातलेला आळ

हाताला डिझेलचा वास लागला की मला संगमनेरचा तो रस्ता आठवतो. बाहत्तर साल. दादाच्या मोटारीत आम्ही नवं डिझेल इंजिन बसवलं होतं. वहिनीला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तसं तिला आणि आईला घेऊन मी संगमनेरच्या दवाखान्याकडं निघालो; दादा पैशांची सोय करून मागनं येणार होता.

"डिझेल हाय ना रं?" दादानं निघताना विचारलं.

"लई हाय. ह्याला लागतंय किती?"

वाटेतला पंप मी ऐटीत मागं टाकला. पुढं टाकी कोरडी पडली, नळीत हवा धरली; ती काढल्याशिवाय डिझेल इंजिन सुरू होत नाही. एका ट्रकवाल्यानं डिझेल दिलं, तरी ती हवा काढण्यात तास गेला. तेवढ्यात वहिनीनं आईच्या मांडीवर जीव सोडला.

"इंजिनानं दगा दिला," मी दादाला सांगितलं.

"यंत्राचा काय भरवसा. तुझा दोष न्हाई."

त्यानं इंजिन विकलं. ते विकत घेतलेला माणूस पुढं कधी भेटला की सांगायचा, "एकदा बी बंद पडलं न्हाई." तेव्हा दादा माझ्याकडे बघायचा नाही.