वस्तादचं पोट

आमच्या थोरल्या मामांइतकी दुधावर श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि आमचा जिल्हा दुधाचा आहे हे ठाऊक असून मी हे म्हणतोय. कसबा बावड्यात त्यांच्या दोन म्हशी. ताप आला, दूध. पोरगं नापास झालं, दूध. मामीशी वाजलं की मामा चरवी घेऊन गोठ्यात जाऊन बसत, मामी आतून ओरडायची, "बसा तितंच, म्हशीसंगंच संसार करा!" माणसाची पारख ते पोटावरून करत. भाचीला बघायला आलेल्या सडपातळ मुलाला त्यांनी तोंडावर विचारलं होतं, "पावणं, घरात म्हस न्हाय व्हय?"

गेल्या वर्षी गोठ्यामागं कुत्री व्याली. त्यातलं एक पिल्लू मामांनी घरात आणलं, नाव ठेवलं वस्ताद. वस्तादला दोन्ही वेळा धारोष्ण दूध. हां हां म्हणता पोट टरारलं. पाय काड्यांसारखे, केस राठ, पण मामांना दिसायचं ते पोट. आल्यागेल्यासमोर पिल्लाला उताणं करून ते कलिंगडासारखं पोट वाजवून दाखवत. "बघ की! पैलवान हाय, पैलवान!"

म्हशीला तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मामा, हे बाळसं नाही, जंत झालेत. कुत्रीच्या पोटातूनच पिल्लाला येतात, तिच्या दुधातूनही येतात." झालं! मामा भडकलेच. "आईच्या दुधातनं कवा रोग येतोय व्हय, बाई?" बाईंनी शांतपणे जंताचं औषध दिलं, पुन्हा कधी द्यायचं तेही सांगितलं. मामांनी बाटली फळीवर टाकली आणि दुधाची वाटी मोठी केली.

मग एका सकाळी वस्ताद ओकला. दुधात शेवयांसारखे जंत वळवळत होते. मामा त्याला टॉवेलात गुंडाळून अनवाणी दवाखान्यात पळाले. बाईंनी सलाईन लावलं, धडपड केली, पण आतडं जंतांनी तुंबलं होतं. दुपारी वस्ताद गेला. बाई एका शब्दानं रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं. त्या संध्याकाळी धारा मामीनं काढल्या.

आता कुठं कुत्री व्याल्याचं कळलं, की मामा दोन आठवड्यांची पिल्लं टोपलीत घालून दवाखान्यात हजर. बाई वजन करून औषध पाजतात, मामा तोंडं धरतात. लोक हसतात, तर हसू देत.

परवा मीही सोबत गेलो होतो. एक पिल्लू मांडीवर घेऊन मामा एकदम म्हणाले, "वस्तादला दुखत आसंल की रं तवा. तरी मी वाटी आणली की शेपूट हलवायचं. मला वाटायचं, मानवलंय."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मामा, तुमच्यावर जीव होता त्याचा."

"व्हय," मामा म्हणाले, "म्हणून तर पीत हुतं."